आबांचा बटवडा

आमच्या आबांना दोन पेन्शनी आहेत. एक फौजेची, एक पोस्टाची. गावात मात्र "म्हाताऱ्याला तीन पेन्शनी हायेत" असं बोललं जातं. तिसरी कसली म्हणाल, तर वयाची! नियमच तसा आहे. ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जास्त, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५०, आणि शंभरी गाठली की थेट दुप्पट. आबा सध्या चाळीस टक्क्यांच्या टप्प्यात आहेत. दुप्पट व्हायला किती वर्षं राहिली ते त्यांना कधीही विचारा, बोटं न मोजता सांगतील.

त्यांचा हिशोब असा. जन्म १९३३. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले १९५२ साली, हवालदार म्हणून बाहेर पडले १९७४ ला. पोस्टात लागले १९७५ ला, रिटायर झाले १९९१ ला. तेव्हा अठ्ठावन्नला घरी बसवत, साठ नंतर झालं, १९९८ मध्ये. म्हणजे बावीस अधिक सोळा, अडतीस वर्षं नोकरी. आणि फौजेची पेन्शन सुरू होऊन २०२५ साली झाली एक्कावन्न वर्षं! "सरकारचं माझ्यात लई नुकसान झालं बघ," असं ते अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणतात.

आमच्या घरात कुणाच्या लग्नाकार्यात चार जण जमले की आबांचा विषय निघतोच. आणि निघाला की लढाईच्या गोष्टींवर जातो. जाणारच, मेडल आहेत, फोटो आहेत, काठी धरून उभं राहण्याची ती ऐट आहे. पण मला विचाराल तर आबांची खरी गोष्ट पोस्टातली आहे. आणि ती सुरू होते ते पोस्टात लागायच्या आधी चार वर्षं, आमच्या आजीच्या ओसरीवर.

तर झालं असं. १९७१ साली आबांची पलटण पूर्वेकडे होती. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. घरी पत्त्यात गावाचं नाव नसायचं. नंबर, रँक, नाव, पलटण आणि खाली 'द्वारा ९९ एपीओ'. फौजेच्या पत्त्याचं हे असंच असतं. पश्चिम-उत्तरेकडच्या जवानांना ५६ एपीओ आणि पूर्वेकडच्यांना ९९. नवरा नक्की कुठल्या मुलखात आहे हे बायकोला कळायचं नाही, फक्त आकडा कळायचा. आजीला तर तोही वाचता यायचा नाही. ती कधी शाळेत गेलीच नव्हती. माझी आत्या तेव्हा दुसरीत, बाबा त्याहून लहान. त्यामुळे आबांचं पत्र आलं की गावचे जुने पोस्टमन ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचे. पाणी पिऊन, टोपी सारखी करून, मग. आजी दाराच्या आडून ऐकायची. पत्रात काय असणार? मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असा, म्हशीला किती दूध आहे, पोरांना शाळेत पाठव. पण आजीला ती पत्रं शब्द न् शब्द पाठ असायची.

३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं. पत्रं त्याच्या आधीपासूनच बंद पडली होती. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारी अर्धा सरेपर्यंत एक ओळ नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातमी आली, गावात साखर वाटली. पण आबांचं काही कळेना.

आणि त्याच दिवसांत ते पोस्टमन आमच्या आळीनं यायचे बंद झाले. पलीकडच्या आळीनं वळसा घालून जायचे. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटायची बिचाऱ्यांना. रोज ती बाई दारात उभी, आणि आपल्या हातात तिच्यासाठी काही नाही, हे त्यांना बघवत नसणार. पण आजीला काय वाटलं असेल सांगा? आजी मला स्वतः म्हणाली होती, "पत्र आलं न्हाय त्याचं काय न्हाय गं. लढाई हुती, कुठून येणार? पर मला वाटायचं, तार आलीया. आलीया आन् ह्यो मानूस सांगंना झालाय."

दीड महिना ती बाई असं समजून जगली. कामं केली, पोरं सांभाळली, कपाळाला हात लावून कुंकू शाबूत आहे ना बघितलं. जानेवारीत एकदम तीन पत्रं आली.

आबांना हे सगळं कळलं १९७४ ला कायमचे घरी आल्यावर. आजीनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, बोलता बोलता निघालं. आबा काही बोलले नाहीत म्हणे. त्यानंतर जिल्हा सैनिक बोर्डातून माजी सैनिकांच्या जागांची बातमी आली. कुठे वॉचमन, कुठे बँकेत शिपाई, आणि एक पोस्टात. बँकेतला पगार बरा होता असं बाबा सांगतात. आबांनी पोस्ट घेतलं. कारण विचारलं की अजूनही म्हणतात, "सायकल चालवायची हौस हुती." असेलही.

लढाईबद्दल आबा फारसं बोलत नाहीत. जमालपूर विचारलं की एकच गोष्ट सांगतात, आणि ती पण टपालाचीच! गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी ठाण्याचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल सुलतान महमूद यांना डिसेंबर १९७१ मध्ये शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. मुक्तिवाहिनीचा एक माणूस ती घेऊन गेला. उत्तर आलं, पत्राची भाषा अदबशीर, आणि सोबत कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी. पुढे १० तारखेच्या रात्री ठाण्यातली फौज बाहेर पडायला गेली ती मराठ्यांच्या मोर्च्यांवर येऊन आदळली. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. 'जमालपूर' हा पहिल्या मराठाचा युद्धसन्मान आहे.

ही गोष्ट ऐकणाऱ्या सगळ्यांना ती गोळी आवडते. लहानपणी मलाही आवडायची. आबा मात्र दर वेळी त्या चिठ्ठी नेणाऱ्या माणसावर येऊन थांबतात. "त्यो गेला. मधल्या मोकळ्या रानातनं, दोन्हीकडच्या बंदुका आपल्यावर हायेत हे ठावं असून गेला. आन् जबाब घिऊन माघारी आला. आमच्याकडं हत्यार हुतं. त्याच्याकडं काय हुतं? कागद." एवढं बोलून झालं की जमालपूर संपलं.

असो. तर १९७५ ला आबांनी हिरवा उतरवून खाकी चढवली. तालुक्याच्या वाटेवरचं सब-पोस्ट ऑफिस, आणि आबांचं बीट म्हणजे आमचं गाव धरून सहा वाड्या. सकाळी एसटीनं डाक यायची. लाखेचं सील तोडून थैली उघडायची, टपाल खणांत लावायचं, शिक्के मारायचे, मग प्रत्येकानं आपापलं बीट घराच्या क्रमानं लावून घ्यायचं आणि बटवड्याला निघायचं. बटवडा हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. पोस्टात टपाल वाटण्याला बटवडा म्हणतात. मला तो 'डिलिव्हरी'पेक्षा फार आवडतो, त्यात कसं वाटून देण्याचं समाधान आहे.

पहिल्याच आठवड्यात आबांनी आपला एक नियम केला. पोस्टाच्या कुठल्याही पुस्तकात तो नाही. ज्या घरातला माणूस फौजेत आहे किंवा मुंबईला आहे, त्या घरावरून रोज जायचं. पत्र असो वा नसो. नसलं तर सायकलवरून न उतरता, पण थांबून, घरातल्या बाईच्या तोंडाकडे बघून सांगायचं, "आज न्हाय. उद्या बघू."

बस्स. एवढंच.

ऐकायला काहीच नाही यात. पण सहा वाड्यांत अशी घरं किती असतील विचार करा. रोजचा दीड-दोन मैलांचा फेरा वाढला असेल. बाबा सांगतात, आजीला सुरुवातीला वाटायचं की लोक चिडतील, रोज रोज कशाला 'नाही' सांगायला येतो म्हणतील. कुणी चिडलं नाही. उलट आबांना ताप आला आणि बदली पोस्टमन आला की बायका त्याला थांबवून विचारायच्या, "आज न्हाय का?" म्हणजे 'नाही' तरी सांगून जा बाबा!

तेव्हा आमच्या सातारा भागातल्या डोंगराकडच्या गावांचं अर्थकारण मनीऑर्डरवर चालायचं. घरटी एक माणूस मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. लालबाग, परळ, करी रोडच्या चाळींत गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली, खाणावळीत जेवण, आणि पगार झाला की गावी मनीऑर्डर. महिन्याच्या दहा तारखेनंतर आबांची थैली जड व्हायची. तरुण वाचकांपैकी काहींनी मनीऑर्डरचा फॉर्म बघितलाही नसेल. (मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली. तिची जुनी पद्धत २०१५ मध्ये बंद झाली.) त्या फॉर्मच्या खालच्या बाजूला एक तुकडा असायचा, दोन-चार ओळी मजकूर लिहिण्यापुरता. पैसे घेणाऱ्यानं तो फाडून ठेवायचा. बायका ते तुकडे खणात, डब्यात, देवाच्या फोटोमागे जपून ठेवायच्या. पन्नास रुपये पाठवले, वीस दुकानदाराचे द्या, आईला खोकल्याचं औषध आणा. एवढ्याशा जागेत संसार बसवायचे लोक.

सही येत नसेल तर अंगठा. आणि अंगठ्याला साक्षीदार लागायचा. आबा डबीतली शाई लावून बाईचा अंगठा स्वतः धरून उठवायचे, मग शेजारच्या कुणाला तरी बोलावून साक्ष घ्यायचे. नोटा दोनदा मोजून द्यायच्या, आणि तिसऱ्यांदा तिला मोजायला लावायच्या. मोजता येत नसेल तर शिकवायच्या. आमच्या गावातल्या तीन-चार म्हाताऱ्या आकडे शिकल्या त्या अशा, आबांच्या हाताखाली, मनीऑर्डरच्या नोटांवर.

मग आला १९८२ चा जानेवारी. १८ तारखेला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पेपरात रोज यायचं, पण आबा म्हणतात की संप म्हणजे काय ते त्यांना थैलीच्या वजनावरून कळलं. फेब्रुवारीत निम्म्या मनीऑर्डरी. मार्चमध्ये त्याच्याही निम्म्या. नंतर नंतर दहा तारीख आणि बावीस तारीख यांत काही फरकच राहिला नाही.

आणि आबांचा नियम चालूच. सहा वाड्या, रोज, "आज न्हाय. उद्या बघू." कुणी भाकरी थापता थापता मान हलवायचं, कुणी शेणाच्या हातांनी बाहेर यायचं. महिनोन् महिने. मी आबांना एकदा विचारलं होतं, की तेव्हा तुम्हाला टाळावंसं नाही वाटलं? पलीकडच्या आळीनं जावंसं नाही वाटलं? आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वाटायचं की. रोज वाटायचं. पर मी टाळलं असतं तर त्यांना वाटलं असतं, तिकडं मानूस मेला."

त्या दिवसांत आबांनी आणखी एक केलं, ते मला आत्यानं सांगितलं. खिशात कोरी पोस्टकार्डं ठेवायला लागले. पंधरा पैशांना एक मिळायचं तेव्हा. ज्या बाईला मुंबईला काही कळवायचं असेल, तिच्या ओट्यावर बसून लिहून द्यायचे आणि संध्याकाळी स्वतः शिक्का मारून पाठवायचे. पैसे पुढच्या मनीऑर्डरीला दे म्हणायचे. त्यातल्या बऱ्याच घरांत पुढची मनीऑर्डर आलीच नाही. संप कधी मिटला असं कुणी जाहीर केलंच नाही, नुसता विरत गेला. माणसं एकेक करून गावी परत आली, आणि आबांच्या बीटावरची ती घरं कमी झाली. "मानूसच घरी आल्यावर पत्र कुनाचं?"

तारेबद्दल लिहायचं की नाही, दोनदा विचार केला. पण ते गाळून आबांबद्दल लिहिणं खोटं होईल.

१९८७ च्या जुलैत श्रीलंकेत शांतिसेना गेली, ऑक्टोबरपासून तिथे लढाई जुंपली. त्याच हिवाळ्यात आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका जवानाच्या घरची तार आबांच्या हातात आली. मुलगा विशी-बाविशीचा. त्याला भरतीला बेळगावला घेऊन गेले होते ते आबाच.

तार ताबडतोब पोहोचवायची असते. आबा लगेच निघाले, पण सरळ त्या घरी गेले नाहीत. आधी त्याच्या चुलत्याला शेतातून बोलावलं. वाडीतल्या दोन जाणत्या बायकांना काही न सांगता बरोबर घेतलं. सायकल लांब झाडाला लावली. चालत गेले. घरात जाऊन आधी बसले. पाणी मागितलं, प्यायले. त्या आईनं पाण्याचा तांब्या ठेवतानाच ओळखलं असणार, कारण आबा त्या घरात बसायचे नाहीत कधी, त्यांचं सगळं सायकलवरून.

मला हे त्या बरोबर गेलेल्या बायकांपैकी एकीनं सांगितलं, खूप वर्षांनी. आबांनी एवढंच सांगितलंय, "तार वाचून दावायची नसती. आदी बसायचं असतं." त्यानंतर त्या घरी आबा रिटायर होईपर्यंत रोज थांबायचे. आता त्या घरी यायचं पत्र कुठलंच नव्हतं. तरी थांबायचे. काय बोलायचे कोण जाणे.

(१५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली. सगळीकडे हळहळ झाली, लोकांनी आठवण म्हणून स्वतःलाच तारा पाठवल्या. आबा म्हणाले, "बरं झालं.")

१९९१ ला रिटायर झाल्यावर आबांनी शेती बघितली, नातवंडं खेळवली, आजीची शेवटची दोन वर्षं तिचं सगळं केलं. यावर मी फार लिहीत नाही, घरच्यांना ठाऊक आहे. पण पोस्ट सुटलं तरी पोस्टाची भाषा सुटली नाही. टपाल पोहोचलं नाही की पोस्टमन त्यावर शेरा मारतो ना... 'घर बंद', 'पत्ता सोडून गेले', 'स्वीकारण्यास नकार', 'मयत'. आबांचं बोलणं अजूनही या शेऱ्यांत चालतं. शेजारचे पुण्याला मुलाकडे राहायला गेले की "पत्ता सोडून गेले". बाबांनी बोलावलेल्या डॉक्टरकडे जायचं नसेल तर "स्वीकारण्यास नकार". आणि त्यांच्या वयाचं कुणी गेलं की थोडा वेळ थांबून, "मयत. पाठवणाऱ्याला परत."

संध्याकाळी पडवीत बसून ते आपलं जुनं बीट मनात लावतात. पहिल्या वाडीच्या वेशीपासून घरांच्या क्रमानं, एकेक दार. ओठ हलत असतात, नवख्याला वाटेल जप चाललाय. मी एकदा शेजारी बसून ऐकलं. घर बंद. घर बंद. मयत, पण सून असती. घर बंद. पत्ता सोडून गेले, पिंपरीला. मयत. मयत. घर बंद... सहा वाड्या फिरून यायला त्यांना पंधरा-वीस मिनिटं लागतात आता. पूर्वी चार तास लागायचे.

एवढं जगण्याचं हे एक आहे. वय वाढतं तसे टक्के वाढतात, आणि दारं बंद होत जातात. आबांच्या बरोबर भरती झालेल्यांपैकी आता कुणी उरलं नाही. त्यांना 'अरे' म्हणणारं माणूस गावात नाही, तालुक्यातही नसेल. ते याचं दुःख करत बसत नाहीत. पण बीट लावायचं काही सोडत नाहीत.

आता थोडं गमतीचं. पेन्शनरांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबरात देतात, ऐंशीच्या वरच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. काही वर्षांपूर्वी आबांना घेऊन आम्ही बँकेत गेलो होतो. कुठली ते जाऊ दे. यंत्रावर बोट उठेना. दहाही बोटं झाली. आबांच्या बोटांवर रेषा उरल्यात कुठे? नांगर, बंदूक, सायकलचं हँडल, शिक्क्याची मूठ, सगळं झालेलं. काउंटरवरचा मुलगा बिचारा ओशाळून म्हणाला, आजोबा, सिस्टिम तुम्हाला ओळखत नाही. आबा म्हणाले, "मग मी कोन हाय त्ये तिला इचार."

आता प्रश्न मिटलाय. २०२० पासून पोस्टाच्या बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊनच डिजिटल दाखला करून देतात. आणि नंतर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली, त्यामुळे बोटांचंही अडत नाही. आमच्या गावाला डाकसेवक म्हणून एक मुलगी आहे, पंचविशीची, स्कूटीवर फिरते. ती आली, मोबाईल आबांच्या तोंडासमोर धरला, डोळे मिटा-उघडा म्हणाली. काम झालं. आबा तिच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "आन् साक्षीदार?"

तिला काही कळेना. मी सांगायला जाणार तेवढ्यात तीच म्हणाली, "मी आहे की, आजोबा."

आबांनी मान डोलावली. त्यांच्या दृष्टीनं दाखला तेव्हा पूर्ण झाला.

या पोरीला आबांनी ती लागली त्या महिन्यातच सांगून ठेवलंय, की माझं काही नसलं तरी सांगून जात जा. ती सांगते. कुंपणापाशी स्कूटी हळू करते आणि हातानंच 'आज नाही' अशी खूण करते. हातानं का, तर आबांना ऐकू येत नाही. एका कानानं फौजेतच दगा दिला होता, दुसरा गेल्या चार-पाच वर्षांत पार गेला. मशीन लावून बघितलं, त्यांना त्याचा कलकलाट सोसत नाही. स्वीकारण्यास नकार!

आणि म्हणूनच खरं तर आज लिहायला बसले. नातेवाईक मंडळी, हे खास तुमच्यासाठी.

तुम्ही सगळे आबांची चौकशी करता. पुण्याहून, ठाण्याहून, तिकडे न्यू जर्सीहून फोन येतात. बाबा फोन घेतात, आबांकडे बघून मोठ्यानं सांगतात की अमक्याचा फोन आहे, आबा हसून मान हलवतात. व्हिडिओ कॉल लावला तर पडद्यावर कुणीतरी ओठ हलवतंय एवढंच त्यांना दिसतं. तुमचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वाचता छान येतं. अक्षर मोठं असलं की चष्म्याशिवायसुद्धा.

मागच्या दिवाळीपासून मी त्यांना दर आठवड्याला एक पोस्टकार्ड टाकते. काही विशेष नसतं त्यात. पाऊस झाला, मुलाची परीक्षा झाली, मेथी महाग आहे. ते कार्ड ते दोन-तीनदा वाचतात, मग शिक्का बघतात. कुठून निघालं, कधी निघालं, वाटेत किती दिवस लागले, कुठे अडकलं असेल. त्यावर बाबांशी चर्चा करतात. एका कार्डात त्यांचे दोन दिवस जातात. आणि मग बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला ते पडवीत येऊन बसतात.

तेव्हा फोन करूच नका असं म्हणत नाही. पण एक कार्ड टाका. मजकूर कितीही लहान चालेल, अक्षर मोठं काढा. पत्ता तुम्हा सगळ्यांकडे आहेच, पिन कोड विसरू नका. ४ नं सुरू होतो. फौजेत असताना त्यांचा ९ नं सुरू व्हायचा, कारण १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी पिन कोड आणला तेव्हा नववा आकडा फौजेच्या टपालासाठी राखून ठेवला होता. वेलणकर पोस्टातलेच, मराठी, आणि वर संस्कृतचे पंडित. आबांना त्यांचा फार अभिमान. पिन कोड नसलेलं पत्र आलं तर ते घेतील, पण लिहिणाऱ्याचं नाव लक्षात ठेवतील.

आणि कार्डावर तुमचा पत्ताही नीट लिहा. आबा उत्तर पाठवतात. हात थरथरतो, चार ओळींना अर्धा दिवस लागतो, पण पाठवतात. मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असा.